न्यूट्सची कादंबरी बाबांना वाचून दाखवतेय, मधल्या भागात अडकलेय. सल्ला हवा आहे

अनघा_इंदिरानगर

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा मागणार. बाबा ७८ वर्षांचे आहेत, पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते, आयुष्यभर धरणांचे नकाशे काढले, आणि सावानाचं (सार्वजनिक वाचनालय नाशिकचं) त्यांचं कार्ड माझ्या जन्माआधीपासूनचं आहे. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या पडद्याचा त्रास सुरू झाला. आता कडेचं दिसतं पण नेमकं समोरचं अक्षर दिसत नाही. तेव्हापासून रात्री जेवणं आवरली की मी अर्धा-पाऊण तास वाचून दाखवते. मराठीतलं बरंच झालं, नारळीकर तर दोनदा झाले. (२०२१ ला साहित्य संमेलन नाशकात होतं आणि नारळीकर अध्यक्ष होते, पण तब्येतीमुळे ते येऊ शकले नाहीत, तेव्हा बाबांना फार चुटपुट लागली होती.)

आता माझ्या भाच्याने कारेल चापेक या चेक लेखकाची 'वॉर विथ द न्यूट्स' आणून दिली. मूळ १९३६ ची. इंग्रजी पुस्तक समोर धरून मी तिथल्या तिथे मराठीत सांगत जाते. पहिला भाग इतका रंगला की बाबा "अजून एक पान" म्हणत साडेअकरा वाजवायचे. सुमात्राजवळच्या बेटावर मोती शोधणारा तो म्हातारा कॅप्टन व्हान टॉख, त्याला खाडीत सापडलेले ते माणसासारखे हात असलेले प्राणी, म्हणजेच न्यूट्स, शार्कशी लढायला तो त्यांना सुऱ्या देतो आणि बदल्यात ते त्याला शिंपले उघडून मोती काढून देतात. ते प्राणी जिभेने "त्स-त्स-त्स" आवाज काढतात, तो आवाज मी काढला की बाबा पण काढायचे, आई स्वयंपाकघरातून विचारायची काय चाललंय.

पण आता दुसरा भाग सुरू झालाय आणि गाडी अडली. गोष्ट थांबते आणि नुसती वर्तमानपत्रांची कात्रणं, अहवाल, सभेचे वृत्तांत, त्यात पानाच्या खाली बारीक टायपात तळटीपा, कधीकधी तळटीपच पानभर. वर वाचू का खाली वाचू तेच कळत नाही. काल बाबा ऐकता ऐकता झोपले, असं कधी झालं नव्हतं.

तर हा भाग गाळून सरळ तिसऱ्यावर जाऊ का? ज्यांनी वाचलंय त्यांनी मनापासून सांगा. आणि 'न्यूट'ला मराठीत काय म्हणू? मी 'पाणसरडे' म्हणतेय पण बाबांना ते पटत नाहीये. हे संपल्यावर याच जातीचं पुढे काय घेऊ तेही सुचवा.

निफाडकर

ताई, गाळू नका! मी ठामपणे सांगतो. ही कादंबरी खरी तिथेच आहे.

त्यात एक जागा येईल जिथे न्यूट्सचा व्यापार कसा चालतो ते सांगितलंय, कंपनीने त्यांची प्रतवारी केलेली असते. मुकादमकीला लावायचे ते एक, जड कामाचे दुसरे, टोळीने काम करणारे तिसरे, मग किरकोळ कामाचे, मग टाकाऊ, आणि शेवटी पिल्लं. प्रत्येकाचा भाव वेगळा, रोजचा बाजारभाव छापून येतो. मी ते वाचलं तेव्हा बाहेर ट्रॅक्टर उभा होता, सकाळी लासलगावला कांदा घेऊन जायचा होता, आणि माझ्या डोळ्यांसमोर आपलीच पाटी आली, उन्हाळ इतका, लाल इतका, गोल्टी इतकी, खाद इतकी. भाव तोच, भाषा तीच, फक्त इथे पोत्यात जिवंत बोलणारा प्राणी आहे. अंगावर काटा आला. कुठेही लेखक ओरडून सांगत नाही की बघा हे किती वाईट आहे, तो नुसता भाव छापतो. आणि छापणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. हे गाळून तुम्ही तिसऱ्या भागात गेलात तर न्यूट्स उठाव का करतात ते बाबांना कळणारच नाही, नुसती राक्षसांची गोष्ट होईल.

रात्रवाचक

माझं मत वेगळं आहे आणि ते मांडतो, कारण अनघाताईंनी मनापासून सांगा म्हटलंय.

मी अंबडला नाइट शिफ्टला असतो, ब्रेकमध्ये मोबाईलवर वाचतो. पहिला भाग दोन रात्रीत संपला, दुसऱ्याला तीन आठवडे लागले. चापेकला एक गोष्ट सुचली की ती तो सात बाजूंनी सांगतो. न्यूट्सना कोणती भाषा शिकवावी, न्यूट्सना आत्मा असतो का, त्यांच्या कामगार संघटना, त्यांचे कपडे, त्यांच्यावरचे कायदे, सगळं येतं. चौथ्यांदा मला मुद्दा कळलेला असतो. आणि पात्रं कुठे आहेत? कॅप्टन मरतो तसं पुस्तकातलं माणूसपण गेल्यासारखं वाटलं मला. बायका तर जवळपास नाहीतच, आहे ती एक बोटीवरची सिनेमातली पोरगी, ती पण टिंगलीपुरती. मी स्वतः डोळ्यांनी वाचत असून दमलो, ऐकणाऱ्या माणसाला तर फारच जड जाणार.

आणखी एक सांगून ठेवतो. कॅप्टन तिथल्या बेटावरच्या माणसांबद्दल जे शब्द वापरतो ते आज ऐकायला खराब वाटतात. मोठ्याने वाचताना ते तोंडात येतात तेव्हा जास्त टोचतात. लेखक त्या वृत्तीवरच बोट ठेवतोय हे मला मान्य आहे, पण तुम्ही आधी नजर टाकून ठेवा.

माझा सल्ला, दुसऱ्या भागातली निवडक दहा-बारा पानं वाचा आणि पुढे जा.

सोनचाफा

दोघांचंही बरोबर आहे पण मी निफाडकरांच्या बाजूने.

अनघा, तुझ्याकडे कोणता अनुवाद आहे ते आधी बघ. इंग्रजीत पहिला वेदरॉल दांपत्याचा, १९३७ चा, म्हणजे मूळ पुस्तकानंतर वर्षभरातच आलेला. त्याची इंग्रजी जुन्या वळणाची आहे, वाक्यं लांबलचक, तिथल्या तिथे मराठी करायला जड जातं. दुसरा एवाल्ड ओझर्स यांचा १९८५ चा, तो मोकळा आहे, त्यात कात्रणांचे सूर वेगवेगळे ऐकू येतात, सरकारी पत्रक सरकारी वाटतं आणि पेपरातली सनसनाटी बातमी तशी वाटते. डेव्हिड वायली यांचा अनुवाद नेटवर फुकट वाचायला मिळतो. मी तिन्ही थोडे थोडे ताडून पाहिलेत, मोठ्याने वाचायला ओझर्सच घे.

आणि ती कात्रणं उगाच नाहीत गं. चापेक स्वतः पेपरवाला, 'लिदोवे नोविनी' या दैनिकात काम करायचा, ही कादंबरी पण आधी तिथेच क्रमशः आली, १९३५-३६ मध्ये. काळ बघ कोणता. शेजारी जर्मनीत हिटलर, न्युरेंबर्गचे वंशाचे कायदे १९३५ चे. कादंबरीत एक जर्मन शास्त्रज्ञ शोध लावतो की बाल्टिक समुद्रातला न्यूट हा इतरांपेक्षा उजळ, ताठ चालणारा, म्हणून श्रेष्ठ. ते वाक्य लिहायला तेव्हा काय छाती लागली असेल. सप्टेंबर १९३८ ला म्युनिक करार झाला, त्याचा देश दुसऱ्यांनी वाटून टाकला, आणि तो त्याच वर्षी २५ डिसेंबरला न्यूमोनियाने गेला. वय ४८. मार्च १९३९ ला जर्मन प्रागमध्ये शिरले तेव्हा गेस्टापो त्याला पकडायला घरी आली, तो गेलाय हेच त्यांना माहीत नव्हतं. भाऊ योसेफ मात्र सापडला, १९४५ मध्ये बर्गेन-बेल्झेनच्या छावणीत गेला. 'रोबोट' हा शब्द याच योसेफने सुचवलेला, चेकमधल्या 'रोबोटा'वरून, म्हणजे वेठबिगारी.

आता वाचायचं कसं ते सांगते. मी माझ्या आजीला वाचून दाखवायचे तेव्हा एक युक्ती केली होती. कात्रण आलं की आकाशवाणीच्या बातम्यांसारखं वाचायचं. पुणे केंद्राच्या सकाळच्या सात पाचच्या प्रादेशिक बातम्या बाबांच्या कानात पक्क्या असणार, तोच सूर लाव. तळटीप आली की घरातल्या दुसऱ्या कुणालातरी वाचायला दे. आवाज बदलला की ऐकणाऱ्याला आपोआप कळतं की आता खालचं चाललंय, वरचं नाही.

उभयचर

शाळेत जीवशास्त्र शिकवतो म्हणून त्या शब्दाबद्दल बोलतो. बाबांना 'पाणसरडा' पटत नाही ते अगदी योग्य आहे, त्यांचं कौतुक वाटलं. सरडा, पाल हे सरीसृप. न्यूट आणि सॅलॅमँडर हे उभयचर, म्हणजे बेडकाचे नातलग, ओली कातडी, अंगावर खवले नाहीत. आपल्याकडे यांना शब्द नाही याचं कारण सरळ आहे, आपल्या सह्याद्रीत हा प्राणीच नाही. भारतात तो हिमालयाच्या पूर्वेकडे, दार्जिलिंगच्या बाजूला सापडतो. आपल्याकडे उभयचरांत बेडूक आणि ते जमिनीखालचं देवगांडूळ, बस. जो प्राणी बघितलाच नाही त्याला माणसं नाव कशाला देतील. तेव्हा सरळ 'न्यूट' म्हणा.

कादंबरीतलं शास्त्रीय नाव आंद्रियास शॉयख्त्सेरी, ते लेखकाने मनाने रचलेलं नाही. शॉयख्त्सर नावाच्या स्विस विद्वानाने १७२६ मध्ये एका जीवाश्माचं वर्णन केलं आणि सांगितलं की हा बायबलमधल्या महापुरात बुडालेला माणूस आहे. तो माणूस म्हणजे निघाला मोठा सॅलॅमँडर, पुढे क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते दाखवून दिलं. तो दगड आजही नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या टेलर्स म्युझियममध्ये आहे. म्हणजे ज्याला एकदा चुकून माणूस समजलं गेलं, नेमका तोच प्राणी चापेकने निवडला. मुलांना हे सांगतो तेव्हा वर्ग एकदम शांत होतो. आणि त्याचे जिवंत भाऊबंद चीन-जपानच्या नद्यांत आहेत, चीनमधले तर दीड मीटरहूनही मोठे होतात.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या अँडीचं प्रकरण झालं का वाचून? रखवालदाराचा पेपर वाचून वाचून तो बोलायला शिकतो आणि शास्त्रज्ञांच्या समितीला पेपरातलीच उत्तरं देतो. तेवढं बाबांना दोनदा वाचून दाखवा.

अनघा_इंदिरानगर

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. अँडी झाला वाचून, तो लोकांनी दिलेल्या चॉकलेट-गोळ्यांनी मरतो ते ऐकून बाबा बराच वेळ गप्प होते. सोनचाफा, माझ्याकडचा वेदरॉल निघाला. भाच्याने ऑनलाइन मागवला होता, पानं पण पुढेमागे बांधलेली आलीत, बदलून द्यायला तयार नाहीत. ओझर्सचा शोधते, तोवर नेटवरचा वापरते.

मेरीकॉलनी

तुमचे वडील आमच्या खात्यातले म्हणून लिहायला बसलो. मी मेरीत (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत) होतो, दिंडोरी रोडला, धरणांची मॉडेल्स, गाळ, लाटा हेच केलं. ३१ वर्षं. कादंबऱ्या फार वाचत नाही, ही मुलीने आग्रहाने दिली.

वाचनप्रेमी लोक एक गोष्ट सांगत नाहीत ती मी सांगतो. या लेखकाला स्थापत्य कळत होतं. त्याचे न्यूट्स खोल समुद्रात राहू शकत नाहीत, त्यांना किनाऱ्यालगतचं उथळ पाणी लागतं. सुरुवातीला माणसं त्यांच्याकडून बंदरं खणून घेतात, भराव घालून घेतात, पाण्याखाली बांध घालून घेतात. त्यासाठी अवजारं देतात, मग सुरुंगाची दारू देतात. संख्या वाढत जाते. आता उथळ किनारा किती, तर मोजका. तो वाढवायचा तर एकच मार्ग, जमिनीला खाड्या पाडायच्या. एका सलग जमिनीला दहा खाड्या पाडल्या की किनाऱ्याची लांबी कितीतरी पटीने वाढते, हे कुठलाही ड्राफ्ट्समन कागदावर दोन मिनिटांत काढून दाखवेल. म्हणजे न्यूट्स माणसांवर रागावलेले नाहीत हो. त्यांना जागा पाहिजे. आपण धरण बांधताना जसा हिशेब करतो तसाच हिशेब ते करतात, फक्त या वेळी पाण्याखाली जाणारं गाव आपलं आहे. लुइझियानाचा किनारा खचतो तिथपासून पुढे मी पुस्तक खाली ठेवलं नाही.

रात्रवाचक म्हणतात तो दुसरा भाग मला कंटाळवाणा वाटला नाही, कारण मी असले अहवाल आयुष्यभर वाचले. प्रत्येक अहवाल आपापल्या जागी बरोबर असतो. सही करणारा प्रत्येक जण आपलं काम चोख करतो. आणि शेवटी व्हाडुझला परिषद भरते, समुद्रापासून लांब डोंगरात, न्यूट्स तिथे पोचू शकत नाहीत म्हणून, आणि तिथे न्यूट्सच्या बाजूने बोलायला येतात कोण तर माणसांचेच वकील.

वडिलांना माझा नमस्कार सांगा. बहुतेक एखाद्या नकाशावर त्यांची सही मी पाहिली असेल.

रात्रवाचक

मेरीकॉलनी काका, हे जागेचं गणित मी वाचताना डोक्यातच घेतलं नव्हतं. तो भाग परत वाचतो. पात्रं नाहीत हे माझं म्हणणं मात्र कायम आहे.

निफाडकर

एक पात्र आहे की दादा, पोवोंद्रा! कॅप्टनला भांडवल देणाऱ्या बोंडी शेटच्या बंगल्यावरचा तो दरवान. कॅप्टन पहिल्यांदा दारात येतो तेव्हा याला आत सोडावं का नाही असा त्याला प्रश्न पडतो, आणि तो सोडतो. तिथून सगळं घडतं. पुढे तोच माणूस घरी बसून न्यूट्सची प्रत्येक बातमी कापून ठेवतो, परक्या भाषेतल्या, स्वतःला वाचता न येणाऱ्या सुद्धा. दुसऱ्या भागातली सगळी कात्रणं त्याचीच आहेत. घरात जागा पुरत नाही म्हणून बायको त्यातली काही जाळून टाकते. तो म्हणजे आपल्यासारखाच कोणीतरी. माझ्या आजोबांच्या ट्रंकेत अशी वही होती, खळ लावून कात्रणं चिकटवलेली, इंदिराबाई गेल्या त्या दिवसाचं पान अजून आहे.

सोनचाफा

यानंतर काय ते राहिलंच. अनघा, चापेकचंच 'आर. यू. आर.' घे. नाटक आहे, १९२० चं, रोबोट शब्द जगाला दिला तेच. वाटून वाचता येतं, बाबांना एक भूमिका दे, दोन-चार ओळी ऐकून पाठ होतात. आणि हिंदी चालत असेल तर निर्मल वर्मा. ते प्रागला राहिले, चेक शिकले आणि चापेकच्या कथा थेट हिंदीत आणल्या, मध्ये इंग्रजी नाही. त्या हिंदीतून मराठीत सांगायला तुला इंग्रजीच्या निम्मे कष्ट पडतील, वाक्यं जवळजवळ जशीच्या तशी वळतात.

अनघा_इंदिरानगर

पंधरा दिवसांनी लिहितेय, काल रात्री पुस्तक संपलं. एकही पान गाळलं नाही.

सोनचाफाची आकाशवाणीची युक्ती अशी काही लागू पडली की काय सांगू. मी बातम्या वाचायचे, तळटीपा आईने वाचल्या. तिला इंग्रजी फारसं येत नाही म्हणून मी दुपारीच तळटीपा मराठीत लिहून तिच्याकडे चिठ्ठ्या देऊन ठेवायचे, ती चष्मा लावून वाट बघत बसायची, माझी चिठ्ठी कधी येते म्हणून. प्रतवारीचा भाग तिनेच वाचला, आणि गोल्टी-खादचं निफाडकरांचं लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं. तिचं माहेर चांदवडचं, ती म्हणाली, आमच्याकडे मजुरांच्या टोळीचा भाव पण असाच ठरायचा.

पोवोंद्राच्या कात्रणांवर तारीख नसते, कुठल्या पेपरातलं तेही नसतं, असं आलं तेव्हा बाबा उठून बसले. "तारीख टाकली नाही?" त्यांच्या नकाशांवर खाली उजव्या कोपऱ्यात तारीख, काढणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही, स्केल. त्यांना ते सहनच होईना. दोन दिवस त्याच्यावरच बोलत होते.

शेवटून दुसरं प्रकरण वाचलं त्या दिवशी गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला होता. भाचा संध्याकाळी रामकुंडावर जाऊन आला, म्हणाला नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलंय. बाबांना दरवर्षी हे सांगावंच लागतं, कमरेला का छातीला. मग वाचायला बसलो. म्हातारा पोवोंद्रा मुलाबरोबर व्ल्टावा नदीवर मासे धरायला बसलाय, चेकोस्लोव्हाकियाला समुद्र नाही म्हणून आपण वाचलो असं त्याला वाटतंय, आणि पाण्यातून एक काळं डोकं वर येतं. तो घरी येऊन अंथरूण धरतो आणि म्हणत राहतो की मीच केलं हे, मी त्या कॅप्टनला आत सोडलं नसतं तर. मुलगा समजावतो की असं काही नसतं, सगळ्यांनीच केलं.

बाबांनी मला तिथे थांबवलं. म्हणाले, पहिल्या भागातलं ते दाराजवळचं परत वाच. मी पानं उलटून शोधलं, वाचलं. मग म्हणाले, बुडीत क्षेत्राची रेघ निळ्या शाईने काढायची असते. एका धरणाची ती रेघ मी ट्रेसिंग पेपरवर काढली होती, तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, पेन जराही हललं नाही म्हणून साहेबांनी शाबासकी दिली होती. त्या रेघेच्या आत किती गावं होती ते नावांसकट त्यांनी सांगितलं. पाच. मी हे पहिल्यांदाच ऐकलं, आईने पण.

मेरीकॉलनी काका, तुमचा निरोप बाबांना दिला. ते विचारत होते तुम्ही कधी असता घरी, त्यांना एकदा यायचंय, मी रिक्षाने घेऊन येईन. आणि सोनचाफा, निर्मल वर्मांचं ते पुस्तक तुझ्याकडे असेल तर आठवडाभर देशील का? नाटक पुढच्या महिन्यात घेऊ, आई आत्ताच विचारतेय तिला कोणाचं काम आहे.